पडद्यावर चौदा, पोटावर सत्तावीस

व्हेंटिलेटरच्या पडद्यावर श्वसनाचा दर म्हणून जो आकडा दिसतो तो यंत्राचा असतो, रुग्णाचा नसतो. यंत्राने मिनिटाभरात किती वेळा हवा दिली एवढंच तो सांगतो. रुग्णाने किती वेळा मागितली हे त्याला ठाऊक नसतं. जी मागणी कळलीच नाही ती मोजणार कशी? फाइलीत मात्र तोच आकडा दर तासाला पेशंटच्या नावावर चढतो आणि सकाळच्या राउंडला आम्ही सगळे तो गंभीर चेहऱ्याने वाचतो.

मी भूलशास्त्रातून अतिदक्षतेकडे आले. भूल देणाऱ्याला बॅग हातात धरून श्वास द्यायची सवय असते. पेशंटने स्वतः श्वास ओढला की हाताखालच्या पिशवीला बारीकसा हिसका बसतो, आणि आपण नकळत त्याच्या वेळेला वेळ जुळवून पिशवी दाबतो. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली तेव्हा ब्लेगडॅम रुग्णालयात ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने हाच मार्ग काढला. गळ्यातून श्वासनलिकेत नळी घालायची आणि पिशवी हाताने दाबत राहायची. यंत्रं पुरेशी नव्हती, म्हणून वैद्यकीचे सुमारे १५०० विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस पिशव्या दाबत बसले. आजच्या आयसीयूची सुरुवात तिथपासून धरतात. पुढे पिशवीच्या जागी यंत्र आलं ते बरंच झालं, यंत्राला झोप येत नाही. पण हाताला लागणारा तो हिसका ओळखायचं कामही यंत्राकडेच गेलं, आणि ते त्याला दरवेळी जमत नाही.

का जमत नाही हे समजून घेण्यासारखं आहे. रुग्ण थोडा सावरला की आम्ही त्याला ‘प्रेशर सपोर्ट’वर घेतो. श्वास त्याने सुरू करायचा, पुढचा रेटा यंत्राने द्यायचा. त्याने सुरू केलं हे यंत्राला कळतं ते नळीतला दाब एक-दोन सेंटिमीटर पाण्याइतका उतरला किंवा मिनिटाला दोनेक लिटरचा प्रवाह त्याच्याकडे वळला की. याला ट्रिगर म्हणतात. छाती धड असेल तर एवढं ओढणं कठीण नाही. सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद करणाऱ्या जुनाट आजाराच्या, रुग्णाचं गणित वेगळं असतं. आकसलेल्या श्वासनळ्यांतून हवा बाहेर पडायला वेळ लागतो आणि ती पुरती बाहेर पडायच्या आत पुढचा श्वास येऊन धडकतो. उरलेली हवा छातीत कोंडते. बाहेरून पाहताना श्वास सोडून झालेला दिसतो, आत सात-आठ सेंटिमीटरचा दाब शिल्लक असतो. हा ऑटो-पीप. आता या माणसाने यंत्राला हाक मारायची तर आधी आतले आठ सेंटिमीटर उतरवायचे, मग ट्रिगरचे दोन. रहाटाचा दोर सैल पडलेला असला की पहिले चार हात नुसता दोरच हातात येतो, बादली जागची हलत नाही, तसं. दमलेला स्नायू तो सैल दोर ओढतानाच थकतो आणि सोडून देतो. डायाफ्राम, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा मुख्य स्नायू, आकुंचन पावलेला असतो, पोट हललेलं असतं, मानेच्या शिरा ताणलेल्या असतात आणि यंत्र ढिम्म असतं. अशा वाया गेलेल्या खटपटीला आमच्याकडे ‘इनइफेक्टिव्ह एफर्ट’ म्हणतात.

पारनेरकडच्या एक आजी आमच्याकडे होत्या. विडीला कधी हात लावलेला नाही, पण उभा जन्म चुलीपुढे गेलेला. धूम्रपान न करणाऱ्यांना होणाऱ्या सीओपीडीमागे चुलीचा धूर केवढं मोठं कारण आहे हे पुण्याच्या डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्याबरोबर २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये सविस्तर मांडलं आहे, आमच्या ओपीडीत ते रोज नऊवारीत येऊन बसतं. घरचे त्याला दमाच म्हणत. थंडीत न्यूमोनियाचं निमित्त झालं आणि नळी टाकावी लागली. दोन-तीन दिवसांत आजी सावरल्या, प्रेशर सपोर्टवर आल्या. रात्री श्वास भराभर चालायला लागला म्हणून ड्यूटीवरच्या डॉक्टरने सपोर्ट, म्हणजे यंत्राच्या रेट्याचा दाब, बारावरून वीस सेंटिमीटरवर नेला, झोपेचं औषधही जरा वाढवलं. दर तीसवरून चौदावर आला. सॅच्युरेशन ९४. फाइलीत शेरा पडला, ‘पेशंट कम्फर्टेबल’.

सकाळी त्या खरोखरच निवांत दिसत होत्या. मी बेंबीच्या वर तळहात ठेवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मिनिटभर मोजलं. सत्तावीस. पडद्यावर चौदा.

पडद्यावर तीन रेघा धावत असतात, दाबाची, प्रवाहाची आणि आकारमानाची. पाहायची ती प्रवाहाची. हवा आत जाताना ती शून्याच्या वर उठते, बाहेर येताना खोल बुडते आणि मग सावकाश चढत शून्याला टेकते. आजींची रेघ बुडाली, चढायला लागली आणि मध्येच तिला पोक आलं. क्षणभर वर उचलली गेली, पुन्हा पडली, मग काही घडलंच नाही अशी पुढे निघाली. त्याच क्षणी दाबाच्या रेघेवर नखाएवढी खळी. आणि त्याच क्षणी माझ्या हाताखाली पोट चांगलं वर आलेलं. जवळजवळ प्रत्येक मिळालेल्या श्वासामागे एक न मिळालेला होता.

दुखणं सपोर्टमध्येच होतं. वीसचा रेटा म्हणजे त्या बेताच्या अंगाच्या बाईच्या छातीत दर वेळी पाचशे मिलिलिटरच्या आसपास हवा. ती बाहेर यायला आणखी वेळ, म्हणून आणखी कोंडमारा, म्हणून पुढची हाक आणखी जड. वर झोपेच्या औषधाने हाकेतला जोर काढून घेतलेला. आम्ही सपोर्ट टप्प्याटप्प्याने बारावर आणला. यंत्राचा रेटा प्रवाह पंचवीस टक्क्यांवर उतरल्यावर थांबायचा, तो चाळीसलाच थांबेल असं केलं, म्हणजे श्वास सोडायला जास्त वेळ मिळतो. बाहेरून दिलेला पीप, म्हणजे श्वास सोडून झाल्यावरही यंत्र नळीत राखतं तो दाब, थोडा वाढवला, त्याने आतल्या आणि बाहेरच्या दाबातली तफावत कमी होते. झोपेचं औषध बंद केलं, नेब्युलायझर सुरू होतंच.

अर्ध्या तासात पडद्यावर सव्वीस दिसायला लागले. पोटावरही सव्वीस. आम्ही खूश आणि मुलगा घाबराघुबरा.

“म्याडम, रातच्याला चौदा व्हतं, आता सव्वीस दाखवतंय. आईचा दम वाढला ना?”

सिस्टरांच्या चेहऱ्यावरही तोच प्रश्न होता, फक्त त्या बोलल्या नव्हत्या. मी मुलाचा हात धरून आईच्या पोटावर ठेवला. “मोजा. रात्रीही एवढेच चालू होते. निम्म्यांना मशीन दादच देत नव्हतं.” त्याने मनात मोजले, मान डोलावली. पटलं असावं असं वाटत नाही, कारण नंतरही येता-जाता त्या आकड्याकडे बघून तो चुकचुकायचाच. त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर बसणाऱ्या माणसाला एवढंच कळतं की आकडे वाढणं वाईट.

सपोर्ट कमी करून बरं वाटतं, हे ऐकायला उफराटं आहे, पण त्याला चांगला आधार आहे. पॅरिसजवळच्या क्रेतेय इथल्या गटाने २००८ साली असेच १२ रुग्ण निवडले, ज्यांचे बरेच प्रयत्न वाया जात होते. सपोर्ट सरासरी वीसवरून तेरावर आणला तेव्हा वाया जाणाऱ्या प्रयत्नांचं प्रमाण ४५ टक्क्यांवरून जवळजवळ शून्यावर आलं. रुग्णांचा खरा दर, म्हणजे त्यांचा मेंदू मागत होता तो, फारसा बदललाच नाही. तो आधीपासूनच तेवढा होता, यंत्राला दिसत नव्हता इतकंच. याच गटाने त्याआधी २००६ मध्ये ६२ रुग्णांच्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या रेघा तपासल्या होत्या. जवळपास चौथ्या हिश्श्यातल्या रुग्णांचं यंत्राशी न जुळण्याचं प्रमाण दहा टक्क्यांच्या वर होतं आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा याच वाया गेलेल्या प्रयत्नांचा होता. अशा रुग्णांची यंत्रातून सुटका उशिरा झाली. त्याच्याही आधी, १९९७ मध्ये, लॉस एंजेलिसच्या बार्लो रुग्णालयात दीर्घकाळ व्हेंटिलेटरवर असलेले २०० जण पाहिले, त्यांतल्या १९ जणांना हा त्रास होता. त्या १९ पैकी फक्त तिघांचं यंत्र सुटलं; बाकीच्यांत निम्म्याहून अधिकांचं सुटलं होतं.

मग डोळ्यांनी बघून पकडा की, असं कोणीही म्हणेल. मिनिटाला वीस श्वास धरले तर एका माणसाचे दिवसाला २८,८०० होतात. माझ्या राउंडला त्यातले फार तर पन्नास माझ्या नजरेखालून जातात, तेही मी एबीजीचा, म्हणजे रक्तातल्या वायूंच्या तपासणीचा, कागद वाचत असताना. आणि नजर तरी कितपत भरवशाची? इटलीत २०११ साली डॉक्टरांना या रेघा दाखवून कुठे बिनसलंय ते विचारलं आणि त्यांची उत्तरं डायाफ्रामच्या विद्युत संकेताशी ताडून पाहिली. जाणत्यांनी २८ टक्के जागा ओळखल्या, शिकाऊंनी १६ टक्के. त्यातही बिघाड जितका जास्त तितकी ओळख कमी. मला हा भाग सगळ्यात बोचतो. बहुधा सगळीच रेघ पोक आलेली असली की तेच तिचं रूप वाटायला लागतं.

म्हणून हे काम संगणकाला द्यायचे प्रयत्न गेल्या वीसेक वर्षांत निरनिराळ्या ठिकाणी झाले. कॅनडातल्या विनिपेगच्या मॅग्डी युनुस यांनी २००७ मध्ये दाब, प्रवाह आणि आकारमान यांचा मेळ घालून रुग्णाच्या स्नायूंचा जोर अंदाजाने काढणारा संकेत तयार केला. दुसऱ्या वर्षी तैवानमध्ये सरळ हिशेब मांडला गेला, की श्वास सोडताना प्रवाहाची रेघ किती उचलली आणि दाब किती उतरला हे मोजायचं, ठरावीक मर्यादा ओलांडली की नोंद. मला स्वतःला बार्सिलोनाजवळच्या सबादेलची पद्धत आवडते, कारण ती समजावून सांगता येते. छातीतली हवा कोणीही न ढवळता बाहेर आली तर तिचा प्रवाह एका ठरलेल्या वक्राने उतरत जातो; गणितात त्याला घातांकी घट म्हणतात. संगणक प्रत्येक श्वासासाठी हा आदर्श वक्र काढतो आणि खरी रेघ त्याच्यापासून किती ढळली ते बघतो. ढळ ४२ टक्क्यांच्या पुढे गेली की मध्ये कोणीतरी ओढलं होतं असं धरतो. २०१२ मध्ये त्यांनी आठ रुग्णांचे १०२४ श्वास पाच तज्ज्ञांना दाखवून हे ताडून पाहिलं. असलेलं ओळखणं आणि नसलेलं नाही म्हणणं, दोन्ही ९१ टक्क्यांच्या वर आलं.

खरी मेख मात्र रेघेला पोक कशाकशाने येतं यात आहे. खोकल्याने येतं. नळीत कफ अडकला की येतं. हवेला दिलेल्या ओलाव्याचं पाणी पाइपात साठलं आणि खळखळलं की तर अशी नागमोडी रेघ येते की शिकाऊ डॉक्टर धावत येतो. पाणी काढून टाकलं की ‘आजार’ बरा. बारीक माणसाचं हृदय जोराने उडत असेल तर त्याचे ठोकेसुद्धा प्रवाहात उमटतात. हे सगळं संगणकाला वगळता यायला हवं. उलट बाजूही आहे. स्नायू फारच दुबळे असले किंवा गुंगी फार गाढ असली तर प्रयत्नाची खूण रेघेवर उमटतच नाही. तेव्हा संगणक ‘काही नाही’ म्हणाला म्हणजे काही नाहीच, असं मी तरी मानणार नाही.

नक्की खरं काय हे पाहायचं तर अन्ननलिकेत फुगा सोडून छातीतला दाब मोजावा लागतो, नाहीतर नाकातून खास नळी घालून डायाफ्रामचा विद्युत संकेत घ्यावा लागतो. आपल्याकडे हे फार थोड्या ठिकाणी होतं, आणि जिथे होतं तिथे बिलाच्या कागदावर दिसतं. म्हणूनच आहे त्या रेघा वाचणारं सॉफ्टवेअर मला आपल्यासाठी मोलाचं वाटतं. रुग्णाच्या अंगात नवीन काही घालायला नको, पाठीमागच्या पोर्टमधून जी माहिती बाहेर पडते ती घ्यायची. अडचण अशी की प्रत्येक कंपनीच्या मशीनची बोली वेगळी, आणि ती इतरांना कळू नये अशी व्यवस्था चोख. एकाच वॉर्डात तीन कंपन्यांची मशीन शेजारी शेजारी उभी असतात आणि तीन गावची माणसं असल्यासारखी एकमेकांशी बोलत नाहीत.

अलीकडे हेच काम मशीन लर्निंगने करायची लाट आहे. माझा त्याला विरोध नाही, एकच शंका आहे. संगणकातल्या जाळ्याला (न्यूरल नेटवर्कला) शिकवायला हजारो श्वासांवर ‘हा वाया गेला, हा नाही’ असे शिक्के मारावे लागतात. ते कोणी आणि काय बघून मारले? निव्वळ पडद्याकडे बघून मारले असतील तर वरच्या इटालियन डॉक्टरांची नजर आपण संगणकात भरतोय. फुग्याचा किंवा डायाफ्रामचा संकेत शेजारी ठेवून मारले असतील तर गोष्ट निराळी. असा पेपर हातात आला की मी निकालाचा तक्ता मागाहून बघते, शिक्क्यांचा परिच्छेद आधी.

आकडे मोठे व्हायला लागल्यावर एक गोष्ट मात्र नव्याने कळली, आणि ती माणसाच्या नजरेने कळलीच नसती. सबादेलच्या गटाने २०१५ मध्ये ५० रुग्णांचे ७,०२७ तास, म्हणजे ८७ लाखांहून जास्त श्वास तपासले. न जुळण्याचं प्रमाण दहा टक्क्यांच्या वर असलेल्यांत आयसीयूतले मृत्यू ६७ टक्के, बाकीच्यांत १४ टक्के. आकडा भयंकर आहे, पण दहाच्या वर गेलेले रुग्ण मोजकेच होते, आणि जास्त आजारी माणसाचं यंत्राशी जास्त बिनसतं हेही खरं. श्वास वाया गेल्याने माणूस गेला की जाणाऱ्या माणसाचे श्वास वाया जात होते, हे या अभ्यासातून ठरत नाही. दोन वर्षांनी ग्रीसमधल्या गटाने ११० रुग्ण पाहिले आणि सरासरीच बाजूला ठेवली. वाया गेलेले प्रयत्न दिवसभर सारखे पसरलेले नसतात, ते गठ्ठ्यांनी येतात. तीन मिनिटांत तीसहून जास्त असा एखादा गठ्ठा ३८ टक्के रुग्णांत सापडला आणि यंत्रावर जास्त दिवस राहण्याशी, मृत्यूशी त्याचं नातं दिसलं. दिवसभराच्या दहा टक्क्यांच्या सरासरीचं तसं नातं दिसलं नाही. म्हणजे सकाळच्या राउंडला सगळं आलबेल आणि पहाटे तीन ते चार एक माणूस एकटाच दोर ओढतोय, असं होऊ शकतं. श्वास सोडण्याच्या वेळीच डायाफ्राम आकुंचन पावत राहिला तर तो ताणला जाऊन दुखावत असावा, असा एक कयास आहे. मला तो पटतो, पण सिद्ध झालाय असं म्हणायचं धाडस नाही.

पहाटे तीनला सॉफ्टवेअरने हे पकडलं, तरी ते सांगायचं कोणाला? आणखी एक अलार्म नको. आमच्या वॉर्डात आधीच इतके भोंगे वाजतात की कुठला कशाचा हे बघायच्या आत हात बंद करायच्या बटणावर गेलेला असतो. मला हवाय तो फक्त दुसरा आकडा, पहिल्याच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात. मिळालेले चौदा, मागितलेले सत्तावीस. तो येईपर्यंत आम्ही नर्सिंग चार्टमध्ये एक रकाना वाढवला आहे, ‘पोटावर मोजलेले’, प्रत्येक पाळीत एकदा. काही जणी मनापासून मोजतात. काही पाळ्यांत दोन्ही रकान्यांत सगळ्या बेडचे आकडे शेवटच्या अंकापर्यंत सारखे असतात, तेव्हा हात कुठे ठेवला गेला असेल ते मला कळतं.

माझं भांडण मात्र पुढच्या पायरीवर अडलंय. दोन आकड्यांत तफावत दिसली तर रात्रीच्या सिस्टरने ठरवून दिलेल्या मर्यादेत, समजा सोळापासून दहापर्यंत, सपोर्ट स्वतः दोन-दोनने खाली आणावा आणि मग कळवावं, असं मी सुचवलं. चोवीस तास उशाशी त्याच असतात. सहकाऱ्यांचं म्हणणं, उद्या काही झालं तर जबाबदार कोण? प्रश्न रास्त आहे. पण आजींचा सपोर्ट बारावरून वीसवर गेला तेव्हा कोणी कोणाला विचारलं नव्हतं, आणि जाबही कोणी मागितला नाही. वाढवायला फोन लागत नाही, कमी करायला कन्सल्टंट लागतो, असा आमचा अलिखित नियम आहे. पुढच्या मीटिंगला विषय पुन्हा ठेवलाय. मृत्यूच्या टक्केवारीचा पेपर मी नेणार नाही, त्यावर वाद घालण्यात तास जातो. क्रेतेयचा बारा रुग्णांचा नेणार आहे, आणि दोन रकान्यांचा आमचा चार्ट.